विश्लेषण : क्षयरोगाच्या जनुकीय चाचण्या आल्या, मग बेडका अजून सूक्ष्मदर्शकाखाली का तपासतात?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, बिजवडी, शहाजीनगरच्या साखर कारखान्यांभोवती कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. क्षयाचे उपचार मात्र किमान सहा महिन्यांचे. म्हणजे निदान एका जिल्ह्यात आणि शेवटची तपासणी दुसऱ्या जिल्ह्यात.

आता पहिलं निदान शक्यतो सीबीनॅट किंवा गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅटवर करायचं असतं. कारणही तसंच आहे. काचपट्टीवर जिवाणू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात ते साधारण 5 ते 10 हजार असावे लागतात. जनुकीय चाचणीला त्याच्या अगदी थोडा अंश पुरतो. रिफाम्पिसिन लागू पडेल का, हेही कळतं.

पण या चाचण्या मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही पकडतात. त्यामुळे औषधं सुरू असताना त्यांचा उपयोग होत नाही. दोन महिन्यांनी आणि उपचार संपताना बेडका पुन्हा काचेवरच येतो. (मेलेले जिवाणू तिथेही दिसू शकतात, पण त्यांची घटती संख्या मोजता येते.)

इथे ऑरामाइन हा पिवळा रंग कामाला येतो. बेडका पसरून, वाळवून, आचेवर पक्का केलेल्या पट्टीवर तो साधारण 20 मिनिटं ठेवतात. क्षयाच्या जिवाणूचं कवच मेणचट असतं. त्यात शिरलेला रंग आम्लयुक्त अल्कोहोलने धुतला तरी सुटत नाही, बाकी सगळ्याचा सुटतो. मग पोटॅशियम परमँगनेट, तेही मिनिटभरच. जास्त वेळ राहिलं तर जिवाणूंची चमकही मंदावते. निळ्या एलईडी प्रकाशात काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या-हिरव्या काड्या चमकतात. जुन्या झील-नील्सन पद्धतीपेक्षा कमी भिंगशक्ती पुरते, एका नजरेत मोठा भाग दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये एलईडी सूक्ष्मदर्शकाची शिफारस केली. मात्र ही चमक टिकत नाही. पट्टी अंधारात ठेवून 24 तासांत वाचावी लागते.

भारतात लाखामागे नव्या रुग्णांचं प्रमाण 2015 मधल्या 237 वरून 2024 मध्ये 187 वर आलं. घट मोठी आहे, पण 2025 पर्यंत क्षयमुक्तीचं उद्दिष्ट त्याहून फार पुढचं होतं. अर्ध्यावर सुटलेले उपचार ही त्यातली जुनी दुखरी जागा.

टोळी हलली तरी उपचार थांबायची गरज नाही. निक्षय आयडीवर रुग्णाची नोंद दुसऱ्या तालुक्यात हलवता येते. त्यासाठी निघण्याआधी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना कळवायला हवं.