मागल्या रांगेंतील वादक

लग्नसराईचे दिवस आले कीं उल्हासनगरच्या कँपांतून, अंबरनाथच्या बाजारांतून आणि बदलापूरच्या अरुंद रस्त्यांवरून वराती निघूं लागतात. पुढें झालरीचे कोट घातलेले बँडवाले, मागें घोडा, दोहों बाजूंस दिव्यांची रांग. अशा एखाद्या वरातींत ‘भोली सूरत’ किंवा ‘शोला जो भडके’ या गाण्याची चाल सुरू झाली, म्हणजे सत्तरीच्या आजोबांपासून सात वर्षांच्या नातवापर्यंत सर्वांचे पाय थिरकूं लागतात, हें आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे. हीं गाणीं १९५१ सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटांतील. त्यांत नाचणारे भगवानदादा पालव सर्वांस ठाऊक आहेत. चाली बांधणारे सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, हेंही पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु पितळी वाद्यांचा तो झगझगीत आवाज आणि तो नवा ठेका आपल्या गाण्यांत आणणारे वादक कोण होते, असें विचारलें तर क्वचितच कोणी उत्तर देईल. त्या विस्मृत वादकांपैकीं एकाची व त्याच्या बँडची आठवण करून देणें, हा या लेखाचा हेतु आहे.

त्यांचें नांव अँटोनियो झेवियर वाझ. लोक मात्र त्यांना ‘चिक चॉकलेट’ या गमतीच्या नांवानेंच ओळखीत. जन्म १९१६ सालीं, गोव्याच्या बार्देश तालुक्यांतील हळदोणें गांवीं. वाद्य ट्रंपेट. अमेरिकेंतील थोर वादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या धर्तीवर ते वाजवीत व गात, म्हणून ‘हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग’ अशी त्यांची ख्याति झाली. १९४० नंतरच्या दशकांत त्यांचा ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ हा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजत असे.

त्यांच्या पिढीस ही विद्या मिळाली कोठून? तिचा उगम नाचघरांत नव्हे, चर्चच्या शाळेंत झाला. गोव्यांतील गांवोगांवच्या चर्चच्या शाळांतून मुलांस अक्षरांबरोबरच स्वरलिपि, गायन आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी परंपरा होती. उद्देश एवढाच कीं, रविवारच्या उपासनेंत गायनवृंद सुस्वर असावा. परंतु त्या शिक्षणानें गरीब घरच्या मुलाच्या हातीं असें धन दिलें, कीं तें घेऊन तो कोठेंही चार पैसे मिळवूं शकत असे. गोव्यांत पुरेसा रोजगार नव्हता, म्हणून हे तरुण मुंबईस येत, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गांवच्या ‘कुडां’त राहत आणि मिळेल तेथें वाजवीत. १९३५ सालीं लिऑन अॅबी यांचा अमेरिकन जाझ बँड ताजमहाल हॉटेलांत आला. जाझ हें गुलामगिरींतून सुटलेल्या कृष्णवर्णी लोकांच्या वंशजांनीं अमेरिकेंत निर्माण केलेलें संगीत. तें आमच्या गोमंतकीय वादकांनीं प्रत्यक्ष ऐकलें, त्याचा अभ्यास केला आणि आपलेंसें केलें.

पुढें १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानंतर मुंबईंतील नाचघरांची मिळकत आटली. आम्हांस त्या कायद्याची निंदा करावयाची नाहीं. पण त्यामुळें अनेक वादकांपुढें पोटाचा प्रश्न उभा राहिला, हें खरें. त्याच सुमारास चित्रपटांस अशा माणसांची मोठी गरज होती. संगीत दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवी. ती निरनिराळ्या वाद्यांसाठीं कागदावर उतरविणारा, आणि समोरचा कागद प्रथमच पाहून ती बिनचूक वाजविणारा, असा माणूस सहसा गोव्याच्या शाळेंतूनच आलेला असे. चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले, आणि ‘अलबेला’मध्यें तर ते आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. मात्र तबकडीवर नांवें छापलीं जात तीं गायकाचीं, संगीतकाराचीं व चित्रपटाचीं. ट्रंपेट कोणीं वाजविला, हें छापण्याची चाल नव्हती. मजुरी मिळे, नांव मिळत नसे. १९६७ सालीं, वयाची पन्नाशी नुकतीच ओलांडली असतां, चिक चॉकलेट वारले. त्यांच्यासारख्यांची हकीकत पुस्तकरूपानें सामान्य वाचकांपुढें येण्यास पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

नव्या संगीताच्या नशिबीं दोन दुःखें असतात असें आम्हांस वाटतें: प्रथम निंदा, आणि मग विस्मृति. हीं गाणीं नवीं होतीं तेव्हां जाणत्या मंडळींनीं त्यांस गोंगाट म्हटलें. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीखात्याचे मंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं, आणि लोक रेडिओ सिलोन लावूं लागले. अखेर १९५७ सालीं ‘विविध भारती’ सुरू करून त्याच गाण्यांस परत बोलवावें लागलें. आज तींच गाणीं घरोघरीं ‘आमच्या काळचें खरें संगीत’ म्हणून ऐकलीं जातात, आणि मुलांच्या कानांतील संगीतास गोंगाट म्हटलें जातें! पालकांनीं याचा क्षणभर विचार करावा, अशी आमची नम्र विनंति आहे.

कोणी म्हणेल, हें संगीत परक्यांचें. त्याचें एवढें कौतुक कशास? परंतु आमच्या कीर्तनांत वाजणारी पेटी तरी मूळची कोठची? कर्नाटक संगीतांत मानानें बसलेलें व्हायोलिन कोठचें? तीं युरोपांतून आलीं आणि आमचीं झालीं. जें शिकून, घाम गाळून, आपल्या भाषेंतल्या गाण्यांत मिसळलें, तें परकें राहत नाहीं.

या पिढींतील एकाचेंच नांव सर्वतोमुखीं झालें, आणि तें एका शिष्याच्या कृतज्ञतेमुळें. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक. त्यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणांत हिंदुस्थानी राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा जलसा केला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटांतील एका गाण्यांत गुरूचें हें नांव अमर झालें. लाखों लोक त्या गाण्यावर नाचले, पण तें नांव एका खऱ्या शिक्षकाचें आहे, हें त्यांतील फारच थोड्यांस माहीत असेल.

आमच्या अंबरनाथचें शिवालय १०६० सालचें. तेथील शिलालेखामुळें शिलाहार राजा माम्वाणि याचें नांव आम्हांस कळतें. पण ज्यांच्या छिन्नीनें तो दगड जिवंत झाला, त्यांचीं नांवें कोणी सांगत नाहीं. गेलेल्या काळाची ही चूक आतां दुरुस्त होणार नाहीं. आपल्या हातची मात्र होईल. स्नेहसंमेलनाच्या वृत्तांतांत गाणाऱ्याचें नांव, नाचणाऱ्याचें नांव द्यावयाचें, आणि शेवटीं ‘बँडपथकानें उत्तम साथ केली’ एवढें एक वाक्य लिहून मोकळें व्हावयाचें, ही आमचीही रीत आहे. ती आम्हांस बदलावी असें वाटतें. ढोल वाजविणारा, बिगुल फुंकणारा, झांज धरून आपली पाळी येईपर्यंत मात्रा मोजीत उभा राहणारा, या प्रत्येक मुलाचें नांव यापुढें छापलें जावें. कागद थोडा अधिक लागेल. पण घरीं अंक उघडणाऱ्या एखाद्या आईस त्यांत आपल्या मुलाचें नांव सांपडेल.

शुभवर्तमानांतील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण सर्वांनीं ऐकली आहे. बरे झाले दहाही. आभार मानावयास परत आला तो एकच. विद्यार्थिमित्रांनो, यापुढें वरातींत ती ओळखीची चाल ऐकूं आली, तर खुशाल नाचा. मात्र घोड्यापुढें ट्रंपेट वाजविणारा जो इसम असेल, त्याला मध्यंतरीं पाणी देतांना त्याचें नांव अवश्य विचारा.