जुना संगणक आणि घरचें लेखन

पुष्कळ घरांत आठ-दहा वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक अद्याप धडधाकट आहे. परंतु त्यावरील विंडोज १० या प्रणालीची नेहमींची विनामूल्य डागडुजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. आणि विंडोज ११ करितां लागणारा नवा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची योजना जुन्या यंत्रांत बहुधा नसते. नवा संगणक घेणें हा आमच्या वाटूरसारख्या गांवीं सहज पेलणारा खर्च नव्हे. तेव्हां लिनक्सचा विचार करणें प्राप्त आहे.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं रचला. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाचीं साधनें त्यास मिळालीं. ही प्रणाली कोणींही वापरावी, तपासावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, अशी मुभा आहे. विद्या दिल्यानें वाढते, असें आम्ही मुलांस शिकवीत आलों. येथें तें प्रत्यक्ष दिसतें.

तथापि मराठी घरांतील खरी अडचण पैशाची नसून अक्षरांची आहे. कित्येकांनीं कुळाची वंशावळ, कीर्तनाचीं आख्यानें, वडिलांच्या आठवणी जुन्या मराठी फॉन्टमध्यें टंकलिखित करून ठेविल्या आहेत. तेथें पडद्यावर ‘क’ दिसला, तरी आंत रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठविलेला असतो. तो फॉन्ट नसला, कीं सारा मजकूर अर्थहीन होतो. युनिकोडमध्यें मात्र ‘क’चा क्रमांक २३२५ हा सर्व प्रणालींत एकच आहे. म्हणून विंडोज चालू आहे तोंवरच हा मजकूर युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा, आणि जुन्या छापील प्रतीशीं ताडून पाहावा. कारण रूपांतरांत रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरें हमखास घसरतात.

त्यानंतर सर्व लेखनाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. उबुंटू किंवा लिनक्स मिंट प्रथम पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येते. प्रिंटर व इंटरनेट चालतात कीं नाहीं, याची खात्री तेथेंच करावी. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीं प्रणालींत असल्यानें हाताचें वळण मोडत नाहीं. मुंबईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरील धडे मराठींतही आहेत. ज्यांचें हिशेबाचें काम विंडोजवरच चालणाऱ्या साधनांवर अवलंबून आहे, त्यांनीं मात्र घाई करूं नये.

येत्या सुटींत वडील माणसांनीं जुनी प्रत मोठ्यानें वाचावी व मुलांनीं पडद्यावरील मजकूर दुरुस्त करावा. प्रणाली त्यानंतर बदलली तरी चालेल.