मंगळाची छायाचित्रे खुली हवीत आणि वेळेवर हवीत

नासाचे क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स हे रोव्हर मंगळावरून जी छायाचित्रे पाठवतात, ती पृथ्वीवर पोहोचल्यावर फार वेळ न लावता सर्वांसाठी खुली केली जातात. २००४ साली स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी मंगळावर उतरले तेव्हापासूनचा हा शिरस्ता आहे. पोटापाण्यासाठी दुसराच उद्योग करणारी जगभरातली माणसे ही कच्ची छायाचित्रे उतरवून घेतात, शेजारशेजारच्या चौकटी जोडून सलग देखावा तयार करतात, रंग जुळवतात आणि खडकांचे थर वाचायचा प्रयत्न करतात. यावर नाक मुरडणारे म्हणतात की हा रिकामपणचा उद्योग आहे आणि त्यातून अफवाच जास्त पिकतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. कच्ची सामग्री जितकी लवकर आणि जितक्या जास्त लोकांच्या हाती जाईल, तितके चुकीचे अर्थ लवकर गळून पडतात. म्हणून इस्रोने हा शिरस्ता पाळावा आणि माहूर-किनवटसारख्या भागातल्या महाविद्यालयांनी या छंदाला अभ्यासाची शिस्त लावावी.

छायाचित्रावर प्रक्रिया करणे म्हणजे काय, ते आधी पाहू. मंगळाच्या हवेत बारीक धूळ सतत तरंगत असते, त्यामुळे तिथला उजेडच पिवळसर-तपकिरी असतो. त्या उजेडातला करडा दगड कॅमेऱ्याला तांबूस दिसतो. आता रंग दोन प्रकारे जुळवता येतात. तिथे उभ्या माणसाला दिसेल तसे ठेवायचे, किंवा तोच दगड पृथ्वीवरच्या उन्हात जसा दिसला असता तसे आणायचे. भूवैज्ञानिकांना बऱ्याचदा दुसरा प्रकार सोयीचा जातो, कारण त्यांची नजर इथल्या उन्हात दगड ओळखायला तयार झालेली असते. दोन्ही चित्रे खरी. पण कोणता प्रकार वापरला हे चित्राखाली लिहिले नाही, तर दोन्ही दिशाभूल करतात. यात तज्ज्ञांचाही पाय घसरतो. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग-१ने मंगळाच्या भूमीवरून पाठवलेले पहिले रंगीत छायाचित्र घाईने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात आकाश निळे होते. रंगांचा ताळा नीट जुळवल्यावर ते गुलाबीसर निघाले. रंग जुळवणे हेच मुळात एक विधान असते आणि विधान करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, मग तो शास्त्रज्ञ असो की हौशी.

हौशी माणसाला मंगळावर चेहरे आणि दारे दिसतात, हा आक्षेप खोटा नाही. पण अशा दोन प्रकरणांचे पुढे काय झाले ते ताडून पाहावे. २५ जुलै १९७६ रोजी व्हायकिंग-१च्या कक्षेतल्या यानाने सायडोनिया भागातली एक टेकडी टिपली. तिरप्या उन्हाच्या सावलीत ती माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसली. त्या चित्रात एकेक ठिपका जमिनीवरच्या ४०-५० मीटरांएवढा होता आणि ‘नाकपुडी’ म्हणून जो काळा ठिपका गाजला, ती तर संदेशातली निव्वळ गळती होती. हा उजेड-सावलीचा खेळ आहे, असे नासाने तेव्हाच सांगितले होते. पण ताडून पाहायला त्याहून चांगले चित्र कोणाकडेच नव्हते. ते मार्स ग्लोबल सर्व्हेयरकडून १९९८ मध्ये आणि अधिक स्पष्ट २००१ मध्ये मिळाले, तोवर चेहऱ्याभोवती पुस्तकांचा आणि व्याख्यानांचा धंदा उभा राहिला होता. दुसरे प्रकरण मे २०२२चे. क्युरिऑसिटीच्या एका छायाचित्रात कड्यात कोरलेले ‘दार’ दिसते म्हणून जगभर गवगवा झाला. या वेळी आजूबाजूच्या चौकटी सर्वांसमोर होत्या. त्या जोडल्यावर भेगांनी भरलेला आख्खा कडा दिसला आणि मोजमाप केल्यावर दाराची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर भरली. पहिल्या वेळी शंका फिटायला दोन दशके लागली, दुसऱ्या वेळी काही दिवस. कॅमेरे सुधारले हे खरेच, पण मूळ सामग्री सर्वांच्या हाताशी असणे हे त्याइतकेच मोठे कारण आहे.

तज्ज्ञ असताना हौशींची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच चांद्रमोहिमेत मिळते. सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२चा विक्रम हा लँडर चंद्रावर उतरताना कोसळला. नासाच्या यानाने टिपलेली त्या परिसराची छायाचित्रे त्याच महिन्यात खुली झाली. चेन्नईतले अभियंते शण्मुग सुब्रमणियन यांनी आधीची आणि नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून तपासली आणि एक नवा ठिपका शोधून कळवला. नासाने खातरजमा करून डिसेंबरमध्ये त्यांच्या नावानिशी श्रेय दिले. तो तुकडा मुख्य अपघातस्थळापासून सुमारे ७५० मीटर दूर होता. शास्त्रज्ञांना काम येत नव्हते असे नाही. सगळे ठिपके बघायला पुरेसे डोळे नव्हते.

असे डोळे मराठवाड्यात आहेत आणि इथली जमीन त्यांना जास्तीची मदत करते. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बसाल्टचा आहे. माहूरगडाचे डोंगर आणि माहूरची पांडव लेणी त्याच जातीच्या काळ्या पाषाणाची. इथे विहीर खणणाऱ्याला मुरूम कुठे संपला, मांजऱ्या खडक कुठे लागला आणि फोडायला अवघड असा काळा पाषाण कुठे सुरू झाला हे सांगावे लागत नाही. दगडातल्या पोकळ्यांत जमलेल्या गारगोट्या म्हणजे कधीकाळी तिथून पाणी झिरपल्याची खूण. दोन लाव्हाथरांमधला तांबडा पट्टा म्हणजे मधल्या काळात दगड कुजल्याची खूण. माहूरच्याच जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट उघडा पडतो, म्हणजे दोन्ही खडक एका दिवसात पाहता येतात. अडीच किलोमीटरही रुंदी नसलेले लोणारचे विवर बसाल्टमध्येच झालेल्या उल्कापाताचे आहे, म्हणून मंगळाचे अभ्यासक तिथे येतात. अर्थात सारखे दिसले म्हणजे सारखेच घडले असे नव्हे. साध्या रंगीत छायाचित्रावरून आकार, थर आणि भेगा सांगता येतात. खनिज कोणते, हे सांगायला वर्णपटाची नोंद लागते. ही मर्यादा पाळायला शिकवणे हेच महाविद्यालयांचे काम.

आता इस्रोकडे वळू. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत गेले. त्याची पहिल्या वर्षाची सामग्री दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये खुली झाली. चंद्रयान-३ २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले. त्याची सुमारे ५५ जीबी सामग्री बरोबर वर्षाने मिळाली. मधल्या काळात निवडक छायाचित्रे प्रसिद्ध झाली, पण निवड संस्थेची होती. ज्यांनी उपकरण बनवायला आयुष्याची वर्षे घातली त्यांना निष्कर्षांचा पहिला मान मिळावा, हा युक्तिवाद रास्त आहे आणि त्यावर तोडगाही आहे. झटपट पाहण्याजोगी कच्ची छायाचित्रे लगेच द्यावीत, मोजमापासाठी शुद्ध केलेली सामग्री ठरावीक मुदतीनंतर द्यावी. नासा असेच करते आणि तिथल्या शास्त्रज्ञांचे शोधनिबंध काही कोणी पळवलेले नाहीत.

पाण्यासाठी वणवण असलेल्या प्रदेशाला मंगळ कशाला, असेही विचारले जाईल. पण उपग्रहाच्या चित्रावरून तलावातला गाळ, पडीक रान आणि नाल्याचा बदललेला मार्ग ओळखायला हेच कसब लागते: मोजपट्टी ठरवणे, उजेडाची दिशा पाहणे, दोन तारखांची चित्रे ताडणे. मंगळाच्या निमित्ताने ते शिकलेला विद्यार्थी पैनगंगेचे खोरेही वाचू शकेल. इस्रोपुढे संधीही आहे: जपानच्या सहकार्याने होणाऱ्या चंद्रयान-५ मोहिमेत २५० किलोचा रोव्हर जाणार आहे. चंद्रयान-३चा रोव्हर प्रज्ञान जेमतेम २६ किलोचा होता. त्या रोव्हरची छायाचित्रे पहिल्या दिवसापासून खुली ठेवण्याचा निर्णय इस्रोने आताच जाहीर करावा. ज्या जनतेच्या पैशावर हे यान उडणार आहे, तिला निवडक चित्रांवर टाळ्या वाजवण्यापलीकडे, पुरावा स्वतः तपासण्याचाही अधिकार आहे.