पाणी घातले म्हणून संगणक शांत होत नाही

संगणकाचा आवाज नको असेल तर लिक्विड कूलिंग घ्या, हा सल्ला मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात मिळतो, पुण्यातही मिळतो आणि घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल तर जेवताना फुकटही मिळतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्यामागचा विचार अर्धवट आहे, आणि त्यापायी लोक दहा-पंधरा हजार रुपये घालून आधीच्याहून जास्त कटकटीचे यंत्र घरी आणतात. म्हणून आधी खंडन.

पूर्वपक्ष असा: पाणी हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरते, म्हणून पाण्याच्या कूलरला पंख्यांची फारशी गरज नसते, म्हणून तो शांत. यातले पहिले विधान निखालस खरे आहे. तेवढ्याच घनफळाच्या हवेपेक्षा पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. पण पुढची दोन विधाने त्यातून निघत नाहीत. पाणी उष्णता वाहून नेते, नाहीशी करत नाही. प्रोसेसरवरून उचललेली उष्णता रेडिएटरमध्ये येते आणि तिथून ती खोलीतल्या हवेतच सोडावी लागते, तीही पंख्यांनीच. पंखा गेला नाही, त्याची जागा बदलली. वर एक पंप आला, जो आधी नव्हता. १९८०च्या दशकात आयबीएमने आपल्या मोठ्या मेनफ्रेम यंत्रांत पाणी फिरवले, ते इवल्याशा जागेत साठलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी. शांततेचा तिथे प्रश्नच नव्हता.

या पंपाचा आवाज दुकानात ऐकू येत नाही, कारण दुकानात रस्त्याचा गोंगाट असतो. रात्री साडेअकराला, छताचा पंखा बंद असताना, टेबलाखालून एक बारीक, एकसुरी सूर येऊ लागतो तो याचा. दुकानदार ज्याला एआयओ म्हणतात त्या तयार संचात पंप बहुधा प्रोसेसरच्या डोक्यावरच बसतो. रेडिएटर पंपाच्या खालच्या पातळीवर लावला की आतली थोडीशी हवा वर चढून नेमकी पंपात अडकते, आणि मग सुरासोबत खळखळही सुरू होते. रेडिएटरचा वरचा भाग पंपाच्या वर राहील असे बसवले तर ही खळखळ थांबते. जोडणी करून देणाऱ्याला हे आधी बजावून सांगा, कारण समोरून दिसायला छान म्हणून उलटे बसवणारे पुष्कळ आहेत.

‘पंप जोरात फिरवला की थंडावा वाढतो’ हेही फारसे खरे नाही. मिनिटाला २ लिटर पाणी फिरत असेल आणि त्यात ४०० वॅट उष्णता पडत असेल, तरी एका फेरीत पाणी ३ अंशांहून कमी तापते. वेग दुप्पट केला तर या फरकात जेमतेम दीड अंशाची घट होईल. तेवढ्यासाठी पंपाची किरकिर रात्रभर का सोसायची? तयार संचाऐवजी सुटे भाग जोडणार असाल तर डी-५ जातीचा पंप घ्यावा, तो खालच्या वेगावर ठेवावा आणि मऊ रबरावर बसवावा, म्हणजे त्याची थरथर केबिनेटच्या पत्र्याला लागत नाही.

आता दुसरा पूर्वपक्ष, समोरच्या टोकाचा: पाणी ही निव्वळ हौस आहे, हवेचा मोठा कूलर पुरतो. प्रोसेसरपुरते मला हे मान्य आहे. नॉक्टुआच्या एनएच-डी१५सारखा दोन मनोऱ्यांचा कूलर घेतला तर १२० वॅटचा प्रोसेसर आरामात सांभाळला जातो, आणि पंप नसल्याने तो तयार पाणीसंचापेक्षा शांतही राहू शकतो. पण हा पक्ष ग्राफिक्स कार्डाकडे पाहतच नाही. इंटेलचा कोअर आय-९ १४९००के पूर्ण ताणावर २५३ वॅट घेतो, पण एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची मर्यादा ४५० वॅटची आहे, आणि खेळ चालू असताना प्रोसेसर आपल्या मर्यादेच्या बराच खाली असतो. आवाज कार्डाचा असतो. त्याचे छोटे पंखे अरुंद जागेत, स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत, चढावरच्या रिक्षासारखे ओरडतात. प्रोसेसरवर बसतो तसा मोठा मनोरा तिथे बसवण्याची सोयच नसते.

म्हणून माझे मंडन इथून सुरू होते. पाणी वापरायचेच असेल तर ते आधी ग्राफिक्स कार्डाला द्या. नुसत्या प्रोसेसरला पाणी देऊन कार्ड तसेच ठेवणे म्हणजे खर्च पूर्ण आणि काम अर्धे.

त्याहीआधी वॅट कमी करा. सुट्या भागांची यादी मी इथून करायला सांगतो, कारण जी उष्णता निर्माणच झाली नाही तिला पंखा लागत नाही. ४०९०ची मर्यादा ७० टक्क्यांवर आणली की ती ३१५ वॅट होते, आणि वेगातली घट खेळताना सहसा जाणवतही नाही. रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसरला १७० वॅटऐवजी ६५ वॅटच्या इको मोडमध्ये चालवता येते. ही सोय बायोसमध्ये आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

मग क्षेत्रफळ. सगळा खेळ इथे आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. दोन सारखे पंखे एकाच वेगाने फिरले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एका पंख्याचे काम निम्म्या वेगाच्या दोन पंख्यांना दिले तर साधारण तेवढीच हवा १२ डेसिबल कमी आवाजात मिळते. ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर आणि सावकाश फिरणारे सहा पंखे, ही खरी शांततेची खरेदी. रेडिएटरच्या पात्या विरळ हव्यात. दाट पात्यांतून हवा ढकलायला पंख्याला जोर लावावा लागतो, आणि जोर म्हणजे आवाज. केबिनेट समोरून जाळीचे हवे. आवाज अडवतो म्हणून फोम लावलेले बंद केबिनेट विकले जाते, पण ते हवाही अडवते आणि मग आतले पंखे वेग वाढवतात.

पाण्याचा एक गुण मात्र मी मनापासून मांडतो, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. ब्राउझर उघडला की प्रोसेसरचे तापमान क्षणात उसळी घेते आणि त्याला जोडलेला पंखा दचकून उठतो. कानाला टोचतात ते हे चढउतार. एकसारखा मंद आवाज कान विसरतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला ३०० वॅटलाही सुमारे १४ सेकंद लागतात. पंख्यांचा वेग चिपच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाला जोडला तर अशी उसळी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यासाठी पाण्याचा सेन्सर आणि तो वाचणारा मदरबोर्ड लागतो. रंगीत दिव्यांवरचे पैसे इकडे वळवा.

रंगीत पाणीही टाळा. त्यातला रंग चिपवर बसणाऱ्या धातूच्या ब्लॉकच्या बारीक खाचांत साचतो. घरच्या आरओचे पाणी चालणार नाही, त्यात क्षार उरतात. डिस्टिल्ड पाणी आणि त्यात गंजरोधक, एवढे पुरे. तांब्याच्या ब्लॉकसोबत रेडिएटर तांबे-पितळेचाच घ्या, ॲल्युमिनियमचा नको. दोन भिन्न धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

शेवटी एप्रिल-मे. विदर्भात किंवा मराठवाड्यात दुपारी खोलीच ३६ अंशांवर असते आणि कोणताही रेडिएटर पाण्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. पाणी खोलीच्या १० अंश वर, म्हणजे ४६ वर राहिले, तरी ते पंपाच्या आणि नळ्यांच्या सहनशक्तीच्या पुष्कळ आत असते. ४६चा आकडा पाहून घाबरून पंखे वाढवू नका. उन्हाळ्यात पाण्याची मर्यादा ५० धरूनच पंख्यांची वेगरेषा आखा, आणि त्या हिशेबाने रेडिएटर कमी पडत असेल तर तिसरा घ्या.