उघडणारी झाकणं

मंडळी, परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. हवाई दलात हेलिकॉप्टरची देखभाल करून निवृत्त झालेला. मी म्हटलं, "अरे, चेतकचं तोंड म्हणजे नुसती काच, नाही का?" तो हसला. "सर, काच बघायला. भार पेलतो मागचा सांगाडा." पोलादी नळ्या जोडून केलेला मधला भाग, त्याच्या पुढे केबिन, मागे शेपटी आणि इंजिन तर वर उघड्यावरच! फ्रान्सचं हे अलुएत-३ प्रथम १९५९ साली उडालं. १९६२ च्या करारानंतर आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ते बनवलं, तेच चेतक.

जिथे हात पोचायला हवा तिथे झाकण असतं. झाकण म्हणजे पत्र्याला पाडलेलं भोक. त्याच्या कडा बळकट कराव्या लागतात, वजन वाढतं. तरी ठेवतात. बंद करण्यापूर्वी हत्यारं मोजतात. विसरलेला एक पाना जीव घेऊ शकतो.

मला हे फार पटलं. बनवणाऱ्यानं आधीच कबूल केलंय, यात बिघाड होणार! उलट माझा मोबाइल... बॅटरी चिकटवलेली. फुगली म्हणून दुकानात उघडला, तर आतली पट्टीच तुटली. "काका, नवा घ्या." नवा घेतला हो, पण जुन्यात आमच्या हिचा आवाज होता.

छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता यावी, असा युरोपीय संघाचा २०२३ चा नियम फेब्रुवारी २०२७ पासूनसाठी आहे. त्यातही काही सवलती आहेतच. आपल्याकडे असा कायदा व्हायलाच हवा. विकलेली वस्तू उघडता आली पाहिजे.

असो. तुम्हाला काय वाटतं?