तीन महिन्यांची शुगर आणि बिलिरुबिनचा आकडा

गोंदियात माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. एचबीएवनसीला इथे सगळेच ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. ‘सहाच्या आत आली ना जी, मॅडम?’ हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. आकडा लहान आला की माणूस खुशीत घरी जातो. पण त्याच माणसाचं बिलिरुबिन वाढलेलं असेल, तर त्या लहान आकड्यावर आधी शंका घ्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या पावसाळ्यात रोवणीला जाणाऱ्या पन्नाशीच्या एक बाई आल्या. एचबीएवनसी ५.४. तेवढ्यावर त्यांच्या गोळ्या कमी करायचं ठरत होतं. पण उपाशीपोटी साखर निघाली १८२, हिमोग्लोबिन ८.५ आणि बिलिरुबिन २.६, तेही बहुतेक इनडायरेक्ट, म्हणजे यकृतात प्रक्रिया व्हायच्या आधीचं. बाईंना सिकलसेल होता. त्यांना ते ठाऊक होतं, पण तपासणीच्या चिठ्ठीवर कुणी लिहिलं नव्हतं.

लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि एचबीएवनसी तेच मोजतं. सिकलसेलमध्ये होतं तशा पेशी लवकर फुटल्या, तर साखरेला चिकटायला वेळच मिळत नाही. साखर चढलेली असूनही आकडा कमी येतो. फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनपासूनच बिलिरुबिन बनतं, म्हणून ते वाढतं. सिकलसेलच्या एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेल्या, रुग्णात तर ज्या हिमोग्लोबिन ‘ए’वर ही तपासणी उभी आहे, तेच नसतं. काही यंत्रं तरीही आकडा छापतात. लोहाच्या कमतरतेत याच्या उलट घडतं, आकडा फुगतो.

बिलिरुबिनची दुसरी बाजूही आहे. ते पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवतं, हे 1987 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. गिल्बर्ट सिंड्रोममध्ये यकृतातलं एक एन्झाइम मंद चालतं, त्यामुळे बिलिरुबिन जन्मभर थोडं चढं राहतं. अशा मधुमेहींमध्ये रक्तवाहिन्यांचे विकार कमी दिसतात, असं जपानी डॉक्टरांनी 2007 मध्ये ‘जामा’त मांडलं. हे संशोधन मोलाचं आहे. पण त्यावरून ‘बिलिरुबिन जास्त म्हणजे साखर आटोक्यात’ असं म्हणणं घाईचं आहे. गिल्बर्टमध्ये बिलिरुबिन वाढतं ते पेशी फुटल्यामुळे नव्हे. पेशी फुटत असतील, तर ‘बिलिरुबिन जास्त, एचबीएवनसी कमी’ हे गोड नातं निव्वळ फसवं असू शकतं.

विदर्भात आणि नंदुरबारकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी माहीत आहे. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सुरू झाली. तपासण्या होतात, कार्डं मिळतात. पण ती माहिती मधुमेहाच्या चिठ्ठीपर्यंत पोचत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एचबीएवनसीच्या चिठ्ठीवर सिकलसेल किंवा थॅलेसेमिया आहे का, अलीकडे रक्त चढवलंय का, हे विचारणारा रकाना हवा. एचबीएवनसी आणि उपाशीपोटीची साखर जुळत नसेल, तर लॅबने रिपोर्टवर तसा शेरा द्यावा. सिकलसेल असेल तर निदान आणि उपचार उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेवर, घरच्या ग्लुकोमीटरवर ठरावेत. गरज पडली तर फ्रुक्टोसामीन करावं, ते लाल पेशींवर अवलंबून नाही.

वाचकांनो, पुढच्या वेळी तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट एकटा नेऊ नका. हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि उपाशीपोटीची साखर यांचे रिपोर्ट सोबत डॉक्टरांसमोर ठेवा. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते विचारायच्या आधी दाखवा. आणि एका चांगल्या आकड्यावर स्वतःहून गोळी बंद करू नका.