पानदान कुणी घडवलं?

आमच्या घरी नानीकडून आलेलं एक बिदरी पानदान आहे. काळंभोर अंग, त्यावर चांदीची वेलबुट्टी. एकदा ते घेऊन आम्ही सराफाकडे गेलो. 'हे कुणी घडवलं असेल?' असं विचारलं. त्याने पानदान तराजूत ठेवलं आणि म्हणाला, 'चांदी फार निघणार नाही.' एका जाणकारांकडे गेलो, तर त्यांचा सवाल, 'कुठल्या नवाबाचं?' कारागिराचं नाव दोघांच्याही खिजगणतीत नव्हतं.

अंदाज बांधता येतो. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात. कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकली की तारकशी, पत्रा बसवला की तहनिशान. शेवटी नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती लावली की जस्त काळं पडतं, चांदी तशीच चमकते. पण लखनौ, मुर्शिदाबाद, पूर्णिया इथेही बिदरी घडत असे. घाटावरून आणि नक्षीवरून फार तर काळ कळेल, गाव कळेल. माणूस कळणार नाही.

लंडनमध्ये १३६३ सालापासून कारागिराने चांदीवर आपला शिक्का मारावा, असा कायदा होता. भुजच्या ओमरसी मावजींनी एकोणिसाव्या शतकात आपली अक्षरं चांदीवर उमटवली, म्हणून आज त्यांची वस्तू ओळखता येते. आमच्या बिदरीवर नाव सापडलं तर नशीब!

दोष कुणाचा? इंग्रजांचा? पाठ्यपुस्तकांचा? नाही, आमचाच. वर्गात आम्ही मुलांकडून बहमनी सुलतानांची नावं पाठ करून घेतो. जलशात 'इस्लाममध्ये जातपात नाही' म्हणून गर्जतो आणि सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न विचारतो, 'बिरादरी कोणती?' बसून खाणारा खानदानी आणि हाताने घडवणारा हलका! ज्याला जिवंतपणी इज्जत दिली नाही, त्याचं नाव आता भिंग लावून शोधायचं?

बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हीही छाती फुगवली. या कलेतल्या दुसऱ्या एका कारागिराचं नाव आम्हाला सांगता येईल का?

१९५६ पर्यंत बिदर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. आपल्या कितीतरी घरांत अशा वस्तू असतील. मोडीत घालण्याआधी घरातल्या बुजुर्गांना विचारा, ती कुठून आली, कुणाच्या हातची आहे. जे कळेल ते लिहून ठेवा. आणि नवी वस्तू घ्याल तेव्हा घडवणाऱ्याला सांगा, 'भाई, खाली तुमचं नाव कोरा.' एवढं तरी आम्ही आमच्या हाताने करू शकतो.